सोलापूरहून बेटावर, लग्नाच्या वाढदिवसासाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरहून बेटावर जायचं तर बहुतेक वेळा रेल्वे किंवा गाडी, मग विमान आणि शेवटी बोट, एवढं तरी करावंच लागतं. या सहलीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीच्या महिन्यामुळे आणि चुकीच्या वेळी उतरणाऱ्या विमानामुळे. रिसॉर्ट वाईट निघालं म्हणून सहल फसल्याची उदाहरणं त्या मानाने कमी. म्हणून इथला क्रम असा आहे: आधी तारीख, मग बेट, मग पोहोचण्याची वेळ आणि शेवटी रिसॉर्टचं नाव.

आमचं लग्न मे महिन्यातलं. त्याच तारखेला मालदीव किंवा अंदमानला जावं का?

आपल्याकडची बरीच लग्नं एप्रिल-मेमध्ये होतात, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तारीख १० मेच्या आधीची असेल तर बहुतेक वेळा निभावतं. नंतरची असेल तर जपून. नैऋत्य मोसमी पाऊस साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानात पोहोचतो, आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही याच सुमाराची. अंदमानात पावसापेक्षा जास्त त्रास फेरीचा होतो. समुद्र खवळला की पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बेट या बोटी रद्द होतात आणि रिसॉर्टचे पैसे भरलेले असूनही तुम्ही पोर्ट ब्लेअरला अडकता.

मालदीवमध्येही मेच्या मध्यापासून नैऋत्य वारे सुरू होतात. तिथे आपल्याकडच्या जुलैसारखी दिवसदिवस झड लागेलच असं नाही. बऱ्याचदा तास-दोन तास जोराची सर येते आणि पुन्हा ऊन पडतं. पण वारा जोराचा असतो आणि पाणी गढूळ होऊ शकतं. या काळात दर बरेच उतरतात. तेवढ्यासाठी जायचंच असेल तर बेटाच्या पूर्व बाजूची खोली मागा, कारण लाटा आणि वारा पश्चिमेकडून येतात.

मेच्या उत्तरार्धात जायचंच असेल तर मॉरिशस किंवा बाली जास्त बरं. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे मे ते नोव्हेंबर हा कोरडा, सुखद काळ. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो.

बाकीच्या महिन्यांचं काय?

जानेवारी ते एप्रिल: मालदीव, अंदमान, लक्षद्वीप तिन्ही उत्तम. मॉरिशस मात्र या काळात टाळा, जानेवारी ते मार्च तिथला चक्रीवादळांचा काळ.

जून ते सप्टेंबर: मॉरिशस, बाली. थायलंडमध्ये एकाच देशात दोन हंगाम चालतात. फुकेतला मे ते ऑक्टोबर पाऊस, पण पलीकडच्या आखातातलं को सामुई जुलै-ऑगस्टमध्ये चांगलं असतं. सामुईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. ऑगस्टमध्ये मालदीवच हवं असेल तर बा अटॉलचा (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) विचार करा. तिथल्या हनिफारू खाडीत जून ते नोव्हेंबर मांटा रे नावाचे अवाढव्य मासे थव्याने येतात. तिथे स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी लावून खोल जायला) बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणं) करता येतं.

नोव्हेंबर-डिसेंबर: तुळशीच्या लग्नानंतर आपल्याकडे लग्नं सुरू होतात, म्हणजे वाढदिवसही याच महिन्यांत फार. नोव्हेंबरमध्ये अंदमानला परतीचा पाऊस आणि वादळं यांची शक्यता राहते. डिसेंबर चांगला, पण साधारण २० डिसेंबर ते १० जानेवारी या काळात मालदीवचे दर वर्षातले सर्वोच्च. शिवाय २४ आणि ३१ डिसेंबरला बहुतेक रिसॉर्टांत गाला डिनरचे पैसे सक्तीने लागतात, मग तुम्ही जेवा वा न जेवा. बुकिंगच्या कागदावर ‘कम्पल्सरी’ हा शब्द शोधा. तुमची तारीख २८ डिसेंबर असेल आणि पंधरा-सोळा दिवस पुढे सरकायला हरकत नसेल, तर आपल्याकडे संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांत जा. हवा तीच, दर बराच खाली.

‘चार रात्री पाच दिवस’ म्हणजे बेटावर नेमका किती वेळ मिळतो?

रात्री मोजू नका, तास मोजा. रिसॉर्टमध्ये खोली दुपारी २ किंवा ३ वाजता मिळते आणि शेवटच्या दिवशी ११ किंवा १२ वाजता सोडावी लागते. चार रात्रींचं पॅकेज सगळं जुळून आलं तरी साधारण ९२ ते ९४ तासांचं असतं.

आता मालदीवचंच उदाहरण घ्या. मुंबईहून मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, विमानाला पावणेतीन-तीन तास लागतात आणि तिथलं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे. विमान साडेचारला उतरलं आणि रिसॉर्टला सी-प्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जायचं असेल, तर त्या दिवशी तुम्ही रिसॉर्टला पोहोचतच नाही. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं. मग विमानतळाजवळच्या हुलहुमालेला साध्या हॉटेलात मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिसॉर्ट. पहिल्या रात्रीचे पैसे गेले, वर हॉटेलचा खर्च वेगळा. तेच विमान, पण रिसॉर्ट स्पीडबोटने अर्ध्या तासावर असेल, तर संध्याकाळी सहा-साडेसहाला तुम्ही वाळूवर असता.

परतीलाही तोच हिशोब. सकाळी ९च्या आधीचं विमान असेल तर सी-प्लेनने वेळेत पोहोचणं जमत नाही आणि शेवटची रात्र मालेजवळ काढावी लागते. म्हणून विमानाची वेळ पक्की झाल्याशिवाय रिसॉर्टचे पैसे भरू नका.

सी-प्लेन की स्पीडबोट?

पहिल्यांदाच जाणाऱ्या, चार रात्रींच्या जोडप्याने उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं स्पीडबोटचं रिसॉर्ट घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. बोट १५ मिनिटं ते तासाभरात पोहोचवते, रात्रीही चालते, आणि जाऊन-येऊन माणशी साधारण १०० ते २५० डॉलर पडतात. सी-प्लेनला तेच माणशी ४०० ते ६०० डॉलर.

सी-प्लेनमधून दिसणारी निळी कंकणं डोळ्यांचं पारणं फेडतात, यात वाद नाही. पण त्याच्या अटी आधी समजून घ्या. मालेला विमान दुपारी साडेतीनच्या आत उतरलेलं बरं. सुटण्याची नेमकी वेळ बहुधा आदल्या संध्याकाळी कळते. विमानतळावर दोन-तीन तास थांबावं लागू शकतं. वाटेत दुसऱ्या रिसॉर्टचे प्रवासी उतरवायला ते थांबतं. सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, त्यावर किलोमागे पैसे. पाच किंवा जास्त रात्री असतील आणि दूरचं अटॉल हवं असेल, तर मात्र सी-प्लेन जरूर घ्या.

तिसरा प्रकार देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. हे रात्रीही चालतं आणि सी-प्लेनपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं, पण चढउतार वाढते.

सोलापूरहून मुंबई विमानतळ कसा गाठावा?

दुपारनंतरच्या विमानासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सगळ्यात भरवशाची. रात्री निघून सकाळी मुंबईत. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. तिथून विमानतळ जवळ पडतो आणि उलट्या दिशेचा फेरा वाचतो. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असतं, त्यामुळे गाडी दोन तास उशिरा आली तरी चालेल असं विमान निवडा. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटून दुपारी मुंबईत येते. ती रात्रीच्या विमानासाठी ठीक. पण ती आठवड्यातून एक दिवस नसते, तो तुमचा दिवस तर नाही ना हे पाहून घ्या.

सोलापूर–मुंबई विमानसेवा ऑक्टोबर २०२५मध्ये सुरू झाली. ती रोज आहे असं धरून चालू नका, तारखेचं वेळापत्रक पाहा. आणि हे तिकीट वेगळं काढलं असेल, तर मुंबईहून सुटणारं पुढचं विमान चुकल्यास पुढची कंपनी काहीही देणं लागत नाही. सामानही मुंबईत घेऊन पुन्हा द्यावं लागतं. दोन्हींमध्ये निदान पाच-सहा तास ठेवा.

आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. तिकिटावर कुठला विमानतळ लिहिला आहे ते दोनदा वाचा. गाडीने एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्यांना पनवेलजवळचा तो विमानतळ सोयीचा, पण सांताक्रूझचं तिकीट असताना तिकडे गेलात तर विमान हातचं गेलं म्हणून समजा.

सोलापूर–हैदराबाद रस्त्याने साधारण ३०० किलोमीटर, आणि शमशाबादला जाण्यासाठी शहर ओलांडावं लागत नाही, रिंग रोडने बाहेरून जाता येतं. अंदमान आणि थायलंडसाठी हैदराबादचे दर मुंबईशी ताडून पाहा. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या लोकांना तर तेच सोपं पडतं.

रिसॉर्टच्या वेबसाइटवर दर कमी दिसतो आणि बिल भलतंच येतं. असं का?

दरापुढे दोन अधिक चिन्हं असतात ती पाहा. त्यांचा अर्थ सेवा शुल्क आणि कर वेगळे. मालदीवमध्ये सेवा शुल्क १० टक्के, आणि पर्यटन वस्तू-सेवा कर १ जुलै २०२५पासून १७ टक्के. कर सेवा शुल्कासकट रकमेवर लागतो. म्हणजे १०० डॉलरचे आधी ११० होतात आणि मग १२८ डॉलर ७० सेंट. जवळजवळ २९ टक्के वाढ. खोलीलाच नाही, तिथे मागवलेल्या प्रत्येक कॉफीला आणि मसाजलाही हाच हिशोब.

याशिवाय ग्रीन टॅक्स. १ जानेवारी २०२५पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर. दोघांचे चार रात्रींचे ९६ डॉलर झाले.

तुलना करताना प्रत्येक रिसॉर्टसाठी एकच आकडा काढा: खोली, सेवा शुल्क, कर, ग्रीन टॅक्स, दोघांचा बोटीचा किंवा सी-प्लेनचा जाण्यायेण्याचा खर्च, आणि राहिलेली जेवणं. या आकड्याला रात्रींनी भागा. ३५० डॉलरची खोली ४५० डॉलरच्या खोलीपेक्षा महाग पडलेली याच हिशोबात दिसते, कारण बोटीचा खर्च रात्री कमी केल्या म्हणून कमी होत नाही.

जेवणाचा कुठला प्लॅन घ्यावा?

बेटावर एकच रिसॉर्ट असेल तर समोर चहाची टपरी नसते. न्याहारी-रात्रीचं जेवण असा हाफ बोर्ड घेतला तर दुपारचं जेवण मेनूकार्डावरून, आणि वर सांगितलेले कर लावून. तिन्ही जेवणांचा फुल बोर्ड आणि हाफ बोर्ड यांतला फरक दुपारच्या दोन साध्या पदार्थांपेक्षा कमी असेल तर फुल बोर्ड घ्या.

एक बारकावा लोकांच्या लक्षात येत नाही: पाणी. हाफ आणि फुल बोर्डमध्ये जेवणाच्या टेबलावरचं पाणी काही ठिकाणी बिलात येतं. खोलीत रोज किती बाटल्या मोफत, आणि टेबलावरचं पाणी धरलेलं आहे का, हे लेखी विचारा.

ऑल इनक्लुझिव्हमध्ये मुख्यतः दारूचे पैसे असतात. दोघंही घेत नसाल तर तो प्लॅन सहसा परवडत नाही. अपवाद म्हणजे ज्यात स्नॉर्केलिंगचं साहित्य, एखादी बोटीची फेरी आणि सगळी रेस्टॉरंटं धरलेली असतात असा प्लॅन.

वॉटर व्हिला घ्यावीच का?

एकदा अनुभवावी अशी गोष्ट आहे. पण चारही रात्रींसाठी गरज नाही. पाण्यावरच्या खोलीत वाऱ्याचा आणि खालच्या लाटांचा आवाज रात्रभर येतो. झाडं नसतात, दुपारी डेक तापतो. जेवणाच्या जागेपर्यंत लाकडी पुलावरून बरंच चालावं लागतं, बग्गी बोलावावी लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर पाण्यात उतरायच्या शिडीचाही विचार करा. बीच व्हिलात सावली मिळते, झोपाळा असतो, पाय टाकला की वाळू.

दोन रात्री बीच व्हिला आणि शेवटच्या दोन वॉटर व्हिला अशी विभागणी बहुतेक रिसॉर्टांत करून मिळते. खोली बदलायच्या दिवशी सकाळी ११-१२ ते दुपारी २-३ खोलीविना काढावे लागतात. तो वेळ बोटीच्या फेरीला द्या, आणि वाढदिवसाचा दिवस खोली बदलण्याच्या दिवशी येणार नाही असं पाहा.

सनसेट व्हिलाला जास्त पैसे घेतात. वरच्या पावसाळी वाऱ्याच्या महिन्यांत मात्र तीच बाजू खवळलेली असते. तेव्हा सनराइज बाजू शांत आणि स्वस्त.

फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, मग पारखायचं कसं?

गुगल मॅपवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि बेट मोठं करून पाहा. पंधरा मिनिटांत बरंच कळतं.

किनाऱ्यालगत फिकट, जवळजवळ पांढरट निळा पट्टा म्हणजे वाळूचा उथळ तळ. पोहायला छान, पण मासे जवळपास नाहीत. जिथे फिकट निळा रंग एकदम गर्द होतो ती रेघ म्हणजे प्रवाळाच्या कड्याची धार. रंगीत मासे तिथे. मॅपवरच अंतर मोजता येतं. किनाऱ्यापासून ही धार ३० ते १०० मीटरवर असेल तर स्वतःहून स्नॉर्केलिंग करता येतं. ४००-५०० मीटर असेल तर दर वेळी पैसे देऊन बोटीने जावं लागेल. तपकिरी-हिरवे डाग म्हणजे समुद्री गवत किंवा प्रवाळ, तिथे अनवाणी उतरणं त्रासाचं.

मग खोल्या पाहा. वॉटर व्हिलांची छपरं एकमेकांना चिकटून असतील तर डेकवर बसलेलं शेजाऱ्याला दिसणार. बोटींचा धक्का कुठे आहे पाहा, त्याच्या जवळच्या खोल्यांना दिवसभर इंजिनांचा आवाज. किनाऱ्यावर दगडांच्या किंवा पिशव्यांच्या रांगा दिसल्या तर वाळू धुपते आहे, फोटोतला रुंद किनारा जागेवर नसेल. शेजारच्या बेटावर नुसती पांढरी भराव टाकलेली जमीन दिसली तर तिथे बांधकाम असू शकतं. शेवटी पर्यटकांनी टाकलेले फोटो तारखेनुसार लावून गेल्या तीन महिन्यांतले तेवढे पाहा.

दोघांनाही पोहता येत नाही. मग बेटाचा उपयोग काय?

भरपूर उपयोग. मात्र रुंद उथळ लगून (प्रवाळाच्या कड्याआतलं शांत पाणी) असलेलं बेट निवडा, कंबरभर पाण्यात लाइफ जॅकेट घालून मासे पाहता येतात. कड्याच्या धारेपलीकडे पाण्याला ओढ असते, तिकडे मार्गदर्शकाशिवाय जाऊ नये. डोळे-नाक झाकणारा मुखवटा लावून तोंडातल्या नळीने श्वास घेण्याची सवय आधी एखाद्या जलतरण तलावात केली तर पहिला दिवस घाबरण्यात जात नाही.

आणि उन्हाबद्दल. ‘आम्ही सोलापूरचे, चाळीस-बेचाळीस डिग्री आम्हाला काय!’ हा भ्रम तिथे महागात पडतो. पाण्यात अंगाला गार लागतं, पण पाठीवर ऊन थेट आणि पाण्यावरून परावर्तित होऊनही येतं. अर्ध्या-पाऊण तासात पाठ आणि पोटऱ्या भाजतात, मग दोन रात्री पाठीवर झोपता येत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग घ्या. महिलांनाही त्यात संकोच वाटत नाही.

स्कूबा कुठल्या दिवशी ठेवावं?

पहिल्या पूर्ण दिवशी किंवा दुसऱ्या. शेवटच्या दिवशी कधीच नाही. डुबकीनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानाने उंच गेलात तर त्याचे बुडबुडे होतात आणि जिवावर बेतू शकतं. एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त असतील तर १८ तास उडायचं नाही. सी-प्लेनही यात आलं. सर्दी झाली असेल, कान दुखत असेल, दमा, हृदयविकार किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल तर फॉर्मवर खरं लिहा आणि इथेच डॉक्टरांना विचारून निघा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. खायचे हाल होतील का?

मॉरिशसला अजिबात नाही. तिथे भारतीय वंशाची मोठी वस्ती आहे, रस्त्यावर डाळपुरी मिळते, मराठी समाजही पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

मालदीवमध्ये बुफेत भारतीय पदार्थ बहुतेक ठिकाणी असतात, पण स्थानिक जेवणाचा पाया ट्यूना मासा. भाजीतही त्याचा चुरा पडलेला असू शकतो. थायलंडमध्ये फिश सॉस आणि बालीत कोळंबीची पेस्ट ‘व्हेज’ म्हणवणाऱ्या पदार्थात सर्रास असते. म्हणून नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. बुकिंगच्या वेळी ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो फिश सॉस, नो श्रिंप पेस्ट’ असं सुटं लिहा, आणि पोहोचल्या दिवशी मुख्य स्वयंपाक्याला भेटा. जैन असाल तर कांदा, लसूण, बटाटाही नावानिशी लिहा. एकच रेस्टॉरंट असलेलं छोटं रिसॉर्ट शाकाहाऱ्यांनी टाळावं. तिसऱ्या दिवशी तीच डाळ नको होते.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेता येते का?

कडक भाकरी खुशाल न्या. डब्यात उभ्या लावा, वर कपडा दाबून बसवा, नाहीतर तुकडे होतात. चटणी दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर उत्तम, आणि ती चेक-इन बॅगेत ठेवा. तिखट आणि लोणचं हातातल्या सामानातून काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलाने पेट घेण्याचा धोका असतो. पॉवर बँक मात्र उलट, फक्त हातातल्या बॅगेत.

मालदीवला जाताना दोन गोष्टी नक्की टाळा. पूजेच्या मूर्ती तिथल्या कस्टम्सच्या नियमांत बसत नाहीत. वाढदिवसाची पूजा इथेच करून निघा. आणि मुंबईच्या ड्यूटी फ्री दुकानातली दारूची बाटली मालेला ठेवून घेतात. रिसॉर्टवर दारू मिळते, लोकवस्तीच्या बेटांवर नाही.

वाढदिवसाच्या ‘ऑफर’ खऱ्या असतात का?

असतात, पण अटी वाचा. हनिमून ऑफर बहुधा लग्नानंतर सहा महिने ते वर्षभर. अ‍ॅनिव्हर्सरीसाठी काही रिसॉर्ट पाच, दहा, पंधरा, पंचवीस अशीच वर्षं धरतात, आणि त्या वर्षात किंवा तारखेच्या अमुक दिवसांत मुक्काम हवा असतो. किमान तीन-चार रात्रींची अट असते. पोहोचण्याआधी कळवावं लागतं, तिथे गेल्यावर सांगून उपयोग नाही.

पुरावा म्हणून लग्नाचं प्रमाणपत्र मागतात. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला, इंग्रजी मजकूर असलेली प्रत, मोबाइलमध्ये आणि कागदावर. जुनी लग्नं नोंदवलेली नसतात, पंचविसाव्या वाढदिवसाची तयारी करणाऱ्यांनी हे काम आधी उरकावं.

ऑफरमध्ये सहसा केक, पलंगावर फुलं आणि एक जेवण. किनाऱ्यावरचं खास जेवण वेगळ्या पैशांचं असतं. ते घेणार असाल तर कॅलेंडरात तिथी पाहा. पौर्णिमेच्या आसपास दिव्यांची गरज पडत नाही. अंदमानात पाण्यातला निळा जैवप्रकाश पाहायचा असेल तर मात्र अमावास्येच्या जवळची रात्र हवी.

अंदमानला कुठल्या किनाऱ्यावर राहावं?

हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४मध्ये श्री विजयपुरम झालं, पण तिकिटांवर दोन्ही नावं दिसतील. हॅवलॉकला विमानतळ नाही. खासगी फेरी दीड ते दोन तास घेते आणि हंगामात आधीच भरते, म्हणून विमानासोबतच तिकीट काढा.

राधानगर किनारा पश्चिमेला, वाळूचा आणि सूर्यास्ताचा. पूर्वेकडच्या विजयनगर बाजूला बरीच रिसॉर्ट आहेत, सकाळ सुंदर असते, पण ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि खडक उघडे पडतात. तुमच्या तारखांची भरती-ओहोटी पाहून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेला हा फरक सगळ्यात मोठा असतो. मगरीबद्दलची सूचना लावली असेल तर ती शोभेची नसते, पाण्यात उतरू नका.

तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधार पडू लागतो, पहाटे पाचला उजाडतं. सोलापूरच्या सवयीने नऊला उठलात तर अर्धा दिवस गेला. परतीच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम ठेवा, फेरी रद्द झाली तरी विमान चुकत नाही. त्या संध्याकाळी सेल्युलर जेलही पाहून होतं.

लक्षद्वीप?

निसर्ग मालदीवच्या तोडीचा, आलिशान सोयी मात्र मोजक्या. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, तो हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका. विमानतळ एकच, अगत्ती. विमान मुख्यतः कोचीहून. फ्लाय ९१ या कंपनीने सोलापूर–गोवा आणि गोवा–अगत्ती हे दोन्ही मार्ग चालवले आहेत, तुमच्या तारखांना ते जुळले तर हा मार्ग सगळ्यात सुटसुटीत. दारू फक्त बंगारम बेटावर. पावसाळ्यात जाऊ नका.

पासपोर्ट, नाव आणि कागदपत्रांत काय अडतं?

बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर चालतो, बदलण्याची सक्ती नाही. तिकीट मात्र पासपोर्टवर आहे तसंच हवं. अंदमानसाठी आधारवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव जुळवा. पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने शिल्लक ठेवा. नवीन काढायचा असेल तर सोलापुरात पोस्टातलं सेवा केंद्र आहे, पण पोलीस पडताळणी धरून दोन महिने हाताशी ठेवा.

मालदीवला फिरायला जाणाऱ्या भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, प्रवेश तिथेच मोफत मिळतो. प्रवासाच्या ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म भरायचा, येताना आणि परततानाही. तो मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट उघडली असेल तर ती सरकारी नाही.

परदेशी पॅकेजवर ‘टीसीएस’ म्हणून जास्तीचे पैसे घेतले. ते गेले का?

नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत दिसतो, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. म्हणून पॅकेज दोघांपैकी जो विवरणपत्र भरतो त्याच्या पॅनवर घ्या.

शेवटच्या दिवशी खोली १२ला सोडली आणि विमान रात्रीचं असेल तर?

उशिरा खोली सोडण्याची सोय आधीच मागा. खोली रिकामी असेल तर काही ठिकाणी दोन तास फुकट देतात, पुढे अर्ध्या दिवसाचं भाडं. नाही मिळाली तरी बहुतेक रिसॉर्टांत सामान ठेवायला आणि अंघोळीला वेगळी खोली असते. ओले कपडे वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत भरा, एक कोरडा जोड हातातल्या बॅगेत. दुपारचं जेवण तुमच्या प्लॅनमध्ये बसतं का ते सकाळीच विचारा, कारण प्लॅन बहुधा खोलीबरोबर संपतो. बिल आदल्या रात्री मागून प्रत्येक ओळ तपासा. मुंबईत उतरल्यावर परतीच्या रेल्वेचं तिकीट विमानाच्या वेळेपासून निदान चार तासांनंतरचं ठेवा.